परतीचं पाणी

कोल्हापूरला समुद्र नाही. भूगोलाची शिक्षिका म्हणून हे वाक्य मी नोकरीभर वर्गात सांगितलं आणि मुलांनीही ते फारसं दुःख न करता मान्य केलं. मान्य नव्हतं ते एकट्या आमच्या ड्रॉइंगच्या सरांना. त्यांच्या मते कोल्हापूरला समुद्र होता आणि तो आमच्या पेठेतल्या निदान पन्नास-साठ घरांच्या सोप्यात खिळ्याला टांगलेला होता.

हे सगळे समुद्र त्यांनीच काढलेले. तैलरंगात, कॅनव्हासवर, दोन बाय तीन फुटांचे. खाली काळे खडक, मधे पाणी, वर ढग. कुणाचं लग्न ठरलं, वास्तुशांत झाली, शाळेच्या शिपायाला नातू झाला, की सर वर्तमानपत्रात गुंडाळलेला समुद्र बगलेत मारून हजर. नको म्हणायची सोय नव्हती, कारण नको ऐकायला ते थांबतच नसत. समुद्र भिंतीला टेकवायचे, "खडकावर उजेड पडंल असा लावा" म्हणायचे आणि "जातो" म्हणून चालू पडायचे.

या "जातो"वरून स्टाफरूममध्ये कायमची कटकट होती. निघताना माणसानं "येतो" म्हणावं, "जातो" म्हणू नये, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सर मुद्दाम "जातो" म्हणायचे. संस्कृतच्या बाईंनी एकदा त्यांना टोकलं, "सर, अशुभ बोलू नये."

"जातोयच की मी. दाराकडं तोंड, तुमच्याकडं पाठ, आन वर येतो म्हणायचं? ह्यो कसला खोटेपणा? परत यायची गॅरंटी हाय व्हय कुणाची? जातो म्हंजे जातो."

आणि दुसऱ्या दिवशी पावणेअकराला पाच मिनिटं कमी असताना त्यांच्या कापशी चपलांची करकर जिन्यात ऐकू यायचीच. रजा नाही, आजारपण नाही, उशीर नाही. रोज "जातो" म्हणून गेलेला आणि रोज हटकून परत आलेला असा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मी शाळेत लागले ती नव्वद सालाच्या आगेमागे. हेडसरांनी ओळख करून दिली, "ह्या भूगोलाच्या नव्या बाई." सरांची मान खांद्यांत रुतलेली होती, त्यामुळं एखाद्याकडं बघायचं म्हणजे त्यांना सगळं अंगच वळवावं लागे. तसे ते वळले.

"कुठल्या तुम्ही?"

"हातकणंगल्याची."

"म्हंजे समुद्राचा काय संबंध न्हाय."

"मिठापुरता आहे," मी म्हटलं. आमच्या वडिलांचं किराणा दुकान होतं आणि लहानपणी मिठाच्या पोत्यांवर बसूनच मी पाढे म्हटले होते. हे उत्तर सरांना आवडलं असावं, कारण त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलायला लागले. हा मान होता की शिक्षा, याचा निकाल अजून लागलेला नाही.

शिकवण्याची त्यांची पद्धत साधी होती. जूनमध्ये वर्ग सुरू झाला की पहिल्या तासाला ते प्रत्येक मुलाच्या रंगपेटीतून काळ्या आणि पांढऱ्या नळ्या काढून घ्यायचे आणि एप्रिलमध्ये परत द्यायचे. "काळा नळीतनं येत न्हाय. काळा करायचा असतोय," असं म्हणून ते गडद निळ्यात तपकिरी कालवायचे आणि खरंच, असा काळा तयार व्हायचा की त्यात ओल दिसायची. पांढऱ्याबद्दल त्यांची मतं याहून कडक होती. "पांढरा शेवटी. पांढऱ्याची घाई करणारं माणूस आयुष्यात काय बी करू शकत न्हाय." हा नियम चित्रापुरता असता तर आम्ही सोसला असता. पण मटणाच्या पंगतीलाही ते तांबडा रस्सा आधी संपवायचे, पांढऱ्याची वाटी समोर तशीच ठेवायचे, आणि शेजारच्यानं पांढरा आधी उचलला की त्याचं मनगट धरायचे. एका लग्नात नवऱ्यामुलाच्या मामाचं धरलं होतं. मामा तालमीतले होते. नशीब, तेही सरांचेच विद्यार्थी निघाले.

विद्यार्थ्यांवर त्यांचा परिणाम किती खोल, हे मला ड्रॉइंगच्या सरकारी परीक्षेच्या वेळी कळलं. स्मरणचित्राला विषय आला होता 'जत्रा'. आमच्या शाळेच्या सगळ्या मुलांनी जत्रा काढली, पाळणा काढला, फुगेवाला काढला आणि प्रत्येकानं मधोमध एक मोठा ओला खडक काढला. आधीच्या वर्षी 'लग्नमंडप' होता. त्यातही खडक होता. वऱ्हाडी त्याला वळसा घालून जेवायला चालले होते.

खडकावर त्यांचा जीव होता. "खडक बसला पायजे. पाणी काय, येतंय जातंय," हे त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य. त्यासाठी त्यांनी घरचा पाटा ड्रॉइंगच्या वर्गात नेऊन स्टुलावर ठेवला होता. त्यावर तांब्यानं पाणी ओतायचं आणि सुकेपर्यंत बघत बसायचं. दगडाच्या कडा आधी सुकतात आणि खळगे मागाहून, मग सुकलेला दगड करडा आणि ओला काळा यांच्या मधला जो पट्टा असतो त्यातच सगळा खडक आहे, हे त्यांनी मला पाऊण तास समजावून सांगितलं होतं. त्यांच्या बायकोनं म्हणजे वहिनींनी त्या पाट्यावर परत कधी चटणी वाटली नाही. मी नव्या घरात मिक्सर घेतला आणि आमचा पाटा परसात ठेवला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सर दारात. "बाई, तुमच्याकडं एक खडक सुटा हाय म्हणं." त्या बदल्यात मला समुद्र मिळाला. तो आमच्या सोप्यात लागला आणि आजही तिथंच आहे.

आता सांगायची गोष्ट ही, की या माणसानं समुद्र पाहिलेला नव्हता.

कोल्हापूर ते कोकण म्हणजे काही काशीयात्रा नाही. सकाळच्या एस.टी.त बसलं तर दुपारी मासे खाता येतात. पण सरांना गाडी लागायची. सपाटीवर लागायची नाही, घाटात लागायची. आणि सह्याद्रीनं कोल्हापूर आणि समुद्राच्या मधे घाटच घालून ठेवलेला, त्याला कोण काय करणार? गंमत म्हणजे त्यांची सासुरवाडी देवगडच्या अंगाला, अगदी समुद्राच्या कडेला. लग्न इकडं झालं. वऱ्हाड घाट चढून आलं म्हणून निभावलं. पहिल्या दिवाळसणाला जावई निघाले ते गगनबावड्याच्या पुढं पहिल्या वळणावरच खिडकीतून बाहेर झाले. कंडक्टरनं त्यांना उतरवलं. ते तिथल्या टपरीवर लिंबू चोखत बसले आणि परतीच्या एस.टी.नं घरी आले. जावयाची अंगठी घेऊन शेवटी सासऱ्यांनाच घाट चढावा लागला. त्यानंतर सव्वीस वर्षं सर सासुरवाडीला गेले नाहीत. वहिनी वर्षातून एकदा भावाबरोबर जाऊन यायच्या.

यावरून त्यांना चिडवायला जावं तर ते उलट अंगावर यायचे. "समुद्र बघून समुद्र काय, कोण बी काडंल. मूर्ती घडवणारा काय देव बघून आलेला असतोय व्हय?" एवढं बोलून सर चहात बिस्कीट बुडवायचे.

मग त्यांनी हे वेड घेतलं कशाला, हे मला वहिनींनी सांगितलं. लग्न होऊन आल्यावर पहिले काही महिने त्या रोज संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊन उभ्या राहायच्या. लोक म्हणायचे बघा, मास्तरांच्या बायकोला रंकाळा किती आवडला. त्या रडत असायच्या. एक दिवस सरांनी विचारलं, काय होतंय? त्या म्हणाल्या, "ह्याला लाटाच नाहीत हो." सर म्हणाले, "मग करू की लाटा. कशी असती लाट?" वहिनी म्हणाल्या, "येते नि जाते." सर घरी गेले आणि तीन दिवसांनी त्यांनी पहिला समुद्र काढला. पण ते पडले पंचगंगेच्या काठचे. पाणी म्हणजे काय हे ते पुराच्या दिवसांत घाटावर बसून शिकलेले, देवळांच्या आणि दीपमाळांच्या दगडांना घासून पाणी कसं जातं ते बघून. त्यामुळं वहिनींच्या वाक्यातलं "जाते" तेवढं त्यांच्या हाताला कळलं. नवरे एरवीही अर्धंच ऐकतात.

ही चूक इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आली नाही, याचं कारण उघड आहे. पेठेत समुद्र नीट पाहिलेलं माणूस नव्हतं. मीही गणपतीपुळ्याला सहल घेऊन गेले होते, पण सबंध दिवस बेचाळीस मुली मोजण्यात गेला. समुद्र त्यांच्या मागं कुठंतरी होता.

आता माझ्या पापाची कथा. शाळेला पन्नास वर्षं झाली. समारंभासाठी हॉल सजवायचा ठरला आणि सरांनी दहा फूट रुंद समुद्र काढायला घेतला. तो लागणार कुठं, तर हॉलच्या मुख्य भिंतीवर. त्या भिंतीवर तोवर माझा नकाशा होता. मी मुलांकडून कागदाचा लगदा आणि डिंक वापरून दोन वर्षं खपून करून घेतलेला महाराष्ट्राचा उठावाचा नकाशा, हात फिरवला तर सह्याद्री बोटांना लागावा असा. एक दिवस शाळेत आले तर नकाशा भांडारखोलीत, कुस्तीच्या मॅटच्या मागं. भिंतीवर समुद्र. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

तीन दिवस मी मधल्या सुट्टीत त्या समुद्रासमोर जाऊन उभी राहायचे. लोकांना वाटलं बाई चित्र बघतायत. मी पेपर तपासत होते. आणि पेपर तपासणाऱ्याला चूक सापडतेच. चौथ्या दिवशी सगळा स्टाफ हॉलमध्ये पोहे खायला जमलेला असताना मी मोठ्यानं विचारलं, "सर, हा समुद्र आहे की पंचगंगा?"

सर वळले. सगळ्या अंगानं.

"फेस बघा. सगळ्या खडकांच्या एकाच अंगाला आहे. पाणी डावीकडनं येतंय आणि उजवीकडं निघून जातंय. समुद्रात लाट किनाऱ्यावर येते, आपटते आणि आल्या वाटेनं परत जाते. तुमचं पाणी नुसतं जातंय. परत कुठं येतंय?"

"परत यायला पायजे व्हय?" त्यांनी विचारलं. आवाज इतका लहान होता की मी तिथंच थांबायला हवं होतं. पण माझा नकाशा मॅटच्या मागं होता. मी खडू घेतला आणि फळ्यावर लाट काढून दाखवली, बाण काढले, जाणारा आणि येणारा. आणि वर म्हटलं, "तुम्हीच तर म्हणता सर. पाणी काय, येतंय जातंय."

सगळे हसले. हेडसर पोहे तोंडात असताना हसले आणि त्यांना ठसका लागला. सर चित्राकडं वळले. मग त्यांनी ब्रश खिशात घातला आणि निघाले. त्या दिवशी ते "जातो" म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी जिन्यात चपला वाजल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. चौथ्या दिवशी मला जेवण जाईना. पाचव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तर दाराला कुलूप. शेजारच्या मावशी गॅलरीतून म्हणाल्या, "कोकणात गेल्यात की दोगं बी. मास्तर चालत जाणार हाय म्हणं घाटातनं."

मला आधी ती थट्टाच वाटली. पण ते खरं होतं. गगनबावड्यापर्यंत एस.टी., तिथं उतरून अख्खा घाट पायी, आणि खाली सपाटीला परत एस.टी. वहिनींना सर म्हणाले होते, तू गाडीनं पुढं जा. त्या गेल्या नाहीत. सव्वीस वर्षांत नवरा पहिल्यांदा माहेरी येतोय, त्याला अर्ध्या वाटेत सोडला आणि तो परत फिरला तर? पन्नाशीची बाई, एका हातात छत्री, एका हातात फराळाचा डबा, घाट उतरून गेली. वळणावळणावर एस.टी.तली माणसं डोकी बाहेर काढून विचारायची, "पावणं, नवस हाय काय?"

आठ दिवसांनी सर आले. चपलांची करकर ऐकून मी चटकन वह्यांत डोकं घातलं. ते सरळ माझ्या टेबलापाशी आले.

"बाई, तुमचं बरोबर हाय. परत येतंय पाणी."

मी काहीतरी दिलगिरीचं बोलायला लागले, ते त्यांनी ऐकलं नाही.

"आन परत जाणारं पाणी पांढरं नसतंय, ह्ये तुमच्या बाणात न्हवतं. त्ये पातळ असतंय. त्याच्यातनं खडक दिसतोय. वर फेस असतोय पण भोकं पडल्याली, आंबोळीला जाळी पडती बघा, तशी. आन तुमचा नकाशा बी चुकलाय. घाट असला सरळ उतरत न्हाय. मी चालत उतरलोय त्यो."

त्या दुपारी त्यांनी भांडारखोलीतून माझा नकाशा काढला, स्वतः पुसला आणि हॉलच्या समोरच्या भिंतीवर लावला. घाट मी नंतर मुलांकडून नवा लगदा लावून दुरुस्त करून घेतला. मग सर शिडीवर चढले आणि पाणी परत आणायला लागले. समारंभाच्या दिवशीही ते पुरतं वाळलं नव्हतं. प्रमुख पाहुणे भाषण संपवून ऐटीत मागं टेकले आणि त्यांच्या झब्ब्याच्या बाहीला ओहोटी लागली.

इथं एखाद्या शहाण्या माणसाचं समाधान झालं असतं. सरांना मात्र साठ घरं दिसायला लागली. साठ भिंतींवर त्यांच्या सहीनं साठ नद्या समुद्र म्हणून टांगल्या होत्या. निवृत्तीला जेमतेम वर्ष-दीड वर्ष उरलं होतं. "त्याच्या आत सगळी पाणी परत आणतो. चुकीचं काय मागं ठेवायचं न्हाय," ते म्हणाले, आणि शाळा सुटली की रंगांचा डबा घेऊन पेठेत हिंडायला लागले.

कुणाच्याही दारात उभं राहायचं आणि पहिलं वाक्य, "वहिनी, एक बटाटा द्या." जुन्या तैलचित्रावरची काजळी कापलेल्या बटाट्यानं पुसली की निघते. पण हे सांगायचं त्यांना सुचायचं नाही. घरातल्या बाईला वाटायचं, मास्तरांवर काय वेळ आली ही, आणि ती बटाट्याबरोबर दोन भाकरीही आणायची. दातांच्या डॉक्टरांकडं त्यांचा एक समुद्र होता. तिथल्या कंपाउंडरनं विचारपूस न करता त्यांच्या हातात नंबर दिला. सर गाल सुजलेल्या माणसांत सव्वा तास बसले, आणि नंबर पुकारल्यावर आत न जाता खुर्चीवर चढून लाट काढायला लागले. सगळ्यात मोठं भांडण झालं खानावळीत. खानावळवाले गल्ल्यावरून उठले नाहीत. "सर, जेवायला बसा, पायजे तेवडं मटण घ्या. पण चित्राला हात लावू नगा."

"आरं, चुकलंय त्ये. पाणी परत येत न्हाय त्यात."

"मग बरंच हाय की वो. गिऱ्हाईक आलं म्हंजे झालं, पाणी कशाला यायला पायजे?"

शेवटी सर तिथं रोज रात्री जेवायला बसायला लागले. नवव्या दिवशी मालक कंटाळून म्हणाले, "काडा एकदाचं." सरांनी त्या दिवशी पांढरा रस्साही आधीच पिऊन टाकला. घाई होती.

एका समुद्राला मात्र त्यांना ब्रश लावता आला नाही. पहिला. तो त्यांच्याच स्वयंपाकघरात, चुलीच्या वर धुरानं काळा झालेला. वहिनींनी त्याला हात लावू दिला नाही. मी एकदा त्यांना विचारलं, "वहिनी, तुम्ही तर समुद्राकाठच्या. पहिल्याच दिवशी ओळखलं असेल ना तुम्ही?"

"बघताक्षणी. नदी आहे ती."

"मग सांगितलं का नाही?"

"कसं सांगणार? मला रडू येत होतं, आणि हा माणूस माझ्यासाठी तीन दिवस न जेवता काढत बसला होता. त्यात चूक कोण बघतं?" आणि मग माझा चेहरा पाहून त्या हसल्या. "तुम्ही बघितलीत ते बरं झालं हो. त्यामुळं तर माझ्या माहेरी आले. खडकावर बसले आणि पहिलं काय म्हणाले माहीत आहे? 'ह्ये परत जातंय की गं, आन परत येतंय.' तीन दिवस तेवढंच म्हणत होते. येताना गाडीत पोटातलं सगळं पडलं, तरी म्हणतात, चालतंय, बघून झालतं की."

मला त्या दिवशी वहिनींसमोर लाज वाटली. वर्गात उभं राहून दुसऱ्याच्या चुका काढायची सवय लागली, की चूक कुणासाठी झाली हे बघायचं राहून जातं. ते माझं राहिलं होतं.

माझ्या घरचा समुद्र सरांनी मुद्दाम शेवटी ठेवला. "तुमच्यात चूक ऱ्हाऊन चालणार न्हाय. तुम्ही तपासणार." एका रविवारी सकाळी ते आले. मी न मागता बटाटा कापून ठेवला होता. चार तास ते उभं राहून काम करत होते. डाव्या खडकावरून पाण्याच्या बारीक धारा खाली उतरायला लागल्या, खालचा दगड त्यातून दिसायला लागला. मी मागं खुर्ची घेऊन बसले होते आणि या वेळी खरंच चित्र बघत होते. उजवी बाजू तशीच होती, पाणी निघून चाललेलं. डावीकडंही फेस अजून नव्हता.

"पांढरा?" मी विचारलं.

"पांढरा शेवटी. ह्यो थर ओला हाय, वाळू दे. मग उजवी बाजू, आन मग पांढरा." त्यांनी ब्रश पुसले, डबा बंद केला, चपलांत पाय घातले. "आठ दिवसांनी येतो."

मी खुर्चीतून उठले. "सर, येतो म्हणालात."

"मग?" ते दारात वळले, सगळ्या अंगानं. "समुद्र बघितल्यापासनं पटलंय मला. येतो म्हणायला हरकत न्हाय."

आणि चपला वाजवत पायऱ्या उतरून गेले.

शुक्रवारी सकाळी शाळेत निरोप आला. छातीत दुखायला लागलं म्हणून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. दहाव्याला वहिनींचे भाऊ देवगडहून आले, घाट चढून. स्वयंपाकघरातली नदी तेवढी जागेवर होती. बाकी साठ घरांत पाणी परत येत होतं.

आयुष्यभर "जातो" म्हणून रोज परत आलेला माणूस. एकदा "येतो" म्हणाला आणि आला नाही.

माझं चित्र तसंच आहे. डावीकडं समुद्र, उजवीकडं पंचगंगा, आणि पांढरा कुठंच नाही. त्यांच्या एका विद्यार्थ्यानं, आता मोठा चित्रकार आहे म्हणे, पुरं करून देतो म्हणून दोनदा विचारलं. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं. गेल्या वर्षी आमच्या भाचीचे रत्नागिरीचे सासरे आले होते. चित्रासमोर जाऊन उभे राहिले, आणि म्हणाले, "बाई, हे अर्धंच राहिलंय का?"

"नाही," मी म्हटलं. "वाळायचंय अजून."